आखरावरची कुत्री आणि दुसरं पिल्लू

आमच्या इकडं जुनी माणसं 'कुत्रा पाळला' असं म्हणत नसत. बैल घेतला, गाय आणली, बकरी अर्धेलीनं ठेवली असं म्हणत. कुत्रं मात्र 'राह्यलं'. ज्याच्या कोठ्यात त्यानं पावसाळ्याची पहिली झड काढली, त्याच्या घरचं ते झालं. त्याला कुणी विकत घेतलं नाही, की त्याच्यासाठी सोबत शोधायला कुणी गेलं नाही. सोबत गावभर पसरलेली असायची. म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात मी एका कुत्र्यासाठी दुसरं पिल्लू आणायचं ठरवलं, तेव्हा शेजारच्या वावरवाल्यानं विचारलं, "काऊन गा, कुत्र्याचं लगन लावून रायला का?" तो हसला ते बरोबरच होतं. माझ्या बापानं, आबाजीनं असलं काही केलं नव्हतं. त्यांना ते करायची गरज का पडली नाही आणि मला का पडली, ते मी इथं मांडतो.

माझं गाव वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या कडेला. जन्म १९५९ चा. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी निघाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी दहावी झालो आणि वखराच्या मागं लागलो.

आधी आखर सांगतो, कारण नव्या पोरांना तो शब्दही माहीत नाही. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. सकाळी सगळ्या गावची ढोरं तिथं जमत, गायकी ती चरायला घेऊन जाई आणि दिवस बुडता परत आणी. आमच्या गावची ढोरं दोनशेवर होती, बहुतेक गवळाऊ. पांढरी, उंच, चालायला चपळ. भोसल्यांच्या फौजेच्या गाड्या याच जातीच्या बैलांनी ओढल्या असं जुनी माणसं सांगत. या जातीसाठी सरकारनं कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला फार्म ठेवला, तिची नोंद झाली, वर्णन छापलं गेलं. त्या गायींच्या मागं चालणाऱ्या कुत्र्याची नोंद कोणत्याच कागदात नाही.

गायक्याजवळ दोन कुत्री असायची. माझ्या आठवणीत तीन गायकी झाले, तिघांजवळही दोनच. एक म्हातारं, एक तरणं. म्हातारं पुढं, तरणं मागं. म्हाताऱ्याचे दात हलायला लागले की गायकी गावातलं एखादं पिल्लू उचलून त्याच्यामागं लावी. म्हातारं मरायची वाट तो पाहत नसे. मी लहानपणी त्याला विचारलं होतं, दोन कशाला? तो म्हणाला, "मी शिकवलं तं दोन सालं लागतीन. हा शिकवते तं एका पावसाळ्यात होते." पुढं पुस्तकांत मी बरंच वाचलं, पण कुत्र्याबद्दल याहून कामाचं वाक्य मला भेटलं नाही. मारकी गाय कोणती, वासराला नुसतं हुसकवायचं की पायाला तोंड लावायचं, लांडगा दिसला तर अंगावर जायचं की कळपाजवळ उभं राहून भुंकायचं, हे पिल्लू म्हाताऱ्याचं पाहून पाहून शिके. चुकलं तर म्हातारं गुरकावे. गायक्याला काठी उचलावी लागत नसे.

दुसऱ्या तऱ्हेची कुत्री होती मालगुजाराच्या वाड्यात. आबाजी त्याचं कूळ. तो सांगे की वाड्यातली शिकारी कुत्री साखळीला असत, त्यांच्यासाठी वेगळा गडी असे, आणि त्यांना बकऱ्याची हाडं मिळत तेव्हा आबाजीच्या घरी आंबील असे. शिकारीला गावातली माणसं हाका करायला बोलवत, मजुरी नाही. १९५१ ला मालगुजारी गेली. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. वाड्यातल्या साखळ्या सुटल्या आणि ती कुत्री गावात मिसळली. साठच्या दशकातल्या आमच्या गावच्या कुत्र्यांत एखादं लांब तोंडाचं, पातळ पोटाचं जन्मायचं, तेव्हा आबाजी म्हणे, "हे वाड्यातलं रगत होय." एवढं बोलून तो बाजूला थुंके. त्यात कुत्र्याचा दोष नव्हता, पण आबाजीचाही नव्हता.

तेव्हा रानडुकराचा बंदोबस्त कुत्री आणि माणसं मिळून करत. गावातली दहा-बारा माणसं, भाले, आणि वीस कुत्री. बोरचं अभयारण्य १९७० ला जाहीर झालं, १९७२ ला वन्यजीवांचा कायदा आला आणि शिकार बंद झाली. कायदा झाला ते बरं झालं असं माझं मत आहे, नाहीतर आज बोरमध्ये वाघ राह्यला नसता आणि २०१४ ला व्याघ्रप्रकल्प झाला नसता. पण त्यानं कुत्र्याचं काम बदललं, ही गोष्ट कुणी बोलत नाही. आता कुत्र्यानं डुकराला धरायचं नाही, नुसतं भुंकून वावराबाहेर काढायचं. धरायला वीस लागत. भुंकायला एक पुरतं, असं आम्हाला वाटायला लागलं.

माझा पुतण्या नागपुरात शिकतो. त्यानं एकदा मोबाईलवर वाचून दाखवलं. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल नावाची जागा आहे. तिथं १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत पुरलेलं कुत्रं सापडलं. चौदा हजार वर्षांपूर्वीचं. बरीच वर्षं त्या हाडांकडं कुणी नीट पाह्यलं नाही. २०१८ ला शास्त्रज्ञांनी दात तपासले तेव्हा कळलं की ते सात महिन्यांच्या आतलं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपर झाला होता. त्या रोगातून ते काही आठवडे जगलं, म्हणजे कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ऊब दिली, घाण पुसली. ते काही कामाचं नव्हतं तेव्हा. आणि त्याच हाडांत एक दाढ दुसऱ्या, मोठ्या कुत्र्याची निघाली. मी पुतण्याला म्हटलं, परत वाच. "मोठेबाबा, दोन कुत्री होती तिथं. एक मोठं, एक पिल्लू," तो म्हणाला. मला आमचा गायकी आठवला.

आपल्या महाराष्ट्रातही काही कमी नाही. दायमाबादला, नगर जिल्ह्यात, १९७४ ला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खोदताना काशाच्या मूर्ती सापडल्या. त्यात दोन बैलांचा रथ आहे, हाकणारा माणूस उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर, माणसाच्या पुढं, एक कुत्रं उभं आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला बैल आणि माणूस एवढ्यावर भागलं असतं. पण त्यानं कुत्रं बसवलं, कारण त्यानं गाडीवर कुत्रं पाह्यलं होतं. आमच्या बंडीवरही ते तसंच बसायचं, धुरीजवळ.

देवाधर्मात दत्ताजवळ चार, खंडोबाजवळ आहेच, काळभैरवाचं तर वाहनच. नामदेवाची भाकर घेऊन पळालेल्या कुत्र्यामागं तो तुपाची वाटी घेऊन धावला, ही गोष्ट आजी सांगे, आणि लगेच कोठ्यातल्या कुत्र्याला चुलीपासून हाकलून लावी. दोन्ही खरं होतं.

गांधीजी सेवाग्रामला राहायला आले १९३६ ला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ मध्ये, अहमदाबादला एका गिरणीमालकानं आवारातली साठ मोकाट कुत्री मारायला लावली आणि गांधीजींनी त्याची बाजू घेतली. अहिंसावाले लोक चिडले. गांधीजींनी 'यंग इंडिया'त ओळीनं लेख लिहून उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कुत्र्याला तुकडा फेकून पुण्य मिळवणं ही दया नाही. दया करायची तर त्याला घरी ठेवा, त्याची जबाबदारी घ्या, बेवारस कुत्रं हे समाजाची लाज आहे. कुत्री मारण्याबद्दलचं त्यांचं मत मला पटत नाही. तुकडा फेकण्याबद्दलचं पटतं. पण त्यांच्या डोळ्यापुढं शहर होतं. खेड्यातलं कुत्रं बेवारस नव्हतं आणि एकाचंही नव्हतं. ते आखराचं होतं. आखर गेल्यावर मात्र त्यांचं म्हणणं आमच्या गावालाही लागू झालं.

आखर कसं गेलं? एका दिवसात गेलं नाही. सोयाबीन आलं तशी जवारी कमी झाली. जवारी गेली तसा कडबा गेला. कडबा नाही तर ढोरं कशावर ठेवणार? ट्रॅक्टर आला, बैलजोड्या विकल्या. ढोरं कमी झाली तसं गायक्याचं पोट भरेना, तो पुलगावकडं मजुरीला गेला. आखराच्या जागेवर आता समाजभवन आहे. आणि कुत्र्याच्या पोटाचंही तसंच. जवारीच्या भाकरी थापताना एक शेवटची जाडी भाकर कुत्र्याची असे, कण्या उरत त्या त्याच्या. आता राशनचा गहू, तांदूळ. पोळ्या मोजून होतात. उरत नाही काही. गावातली कुत्री वाळत गेली, मग कचऱ्यावर, मग कोंबड्यांवर. लोक काठी घेऊन मागं लागले.

कुत्रं म्हटलं की पिसाळण्याची भीती आलीच, तीही इतिहासातलीच. मी सातवीत असताना चुलतभावाला पिसाळलेलं कुत्रं चावलं. त्याला बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, रोज एक. बाबा त्याला रोज बंडीनं नेत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. सेंपल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९११ ला कसौलीला ती काढली होती. फ्रान्सात पाश्चरनं १८८५ ला पहिल्या पोराला लस टोचली, त्याचंच हे पुढचं रूप. आपल्या देशात ती चौदा इंजेक्शनांची लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात घेतात आणि थोडक्यात भागते. तरी अजूनही लोक चावल्यावर हळद-मिरची भरतात. ते करू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आता आमच्या घरचं सांगतो. २०११ ला आम्ही गावातलं घर सोडून वावरात बांधलं. पोरगा पुण्याला कंपनीत, मी आणि बायको दोघंच. सोबतीला दोन कुत्री होती, शेऱ्या आणि चिमी. बैलजोडी विकली २०१६ ला. रात्री डुकरं, रोही. झटका मशीन लावली आहे, पण रोही तारावरून उडी मारतो आणि बॅटरी पावसाळ्यात दगा देते. तुरीला शेंगा भरल्या की दोन महिने जागल करावीच लागते. मी माळ्यावर, कुत्री खाली.

२०२१ च्या हिवाळ्यात चिमीला बिबटानं नेलं. अंगणातून, रात्री दोनच्या सुमारास. आवाजही झाला नाही. सकाळी धुऱ्यापर्यंत फरफटल्याची रेघ दिसली. बिबट्याला कुत्रं सोपं सावज, हे जंगलाकाठच्या सगळ्यांना माहीत आहे. शेऱ्या तेव्हा आठ वर्षांचा.

त्यानं पाच दिवस खाल्लं नाही. मग खायला लागला, पण रात्री तोंड वर करून रडायचा. जागलीला माळ्याखाली बसेना. मी वर चढलो की हा गावाकडं निघून जायचा, दोन किलोमीटर. तिथं गावातली कुत्री त्याला फाडत. जखमा घेऊन सकाळी परत. मी बांधून ठेवला तर साखळीला दात लावून हिरड्या रक्ताळून घेतल्या. मग त्यानं शेजाऱ्याच्या बकऱ्यांमागं धावायला सुरुवात केली. मारत नव्हता, नुसता पळवायचा, पण गाभण बकरी पळवली तर नुकसान व्हायचंच. शेजारी चांगला माणूस आहे. तो आला, खाटेवर बसला आणि खाली पाहून म्हणाला, "दादा, मी नाई काई करत. पण कोनी भाकरीत थिमेट टाकलं तं मले बोलू नका." त्याचं म्हणणं मी समजलो. आमच्याकडं कुत्रं असंच संपवतात, पिकावरच्या औषधानं, आणि कुणी विचारत नाही.

मी बायकोला म्हटलं, दुसरं आणू. ती म्हणाली, "अवो, एक सांभाळता सांभाळता जीव चालला. दोन झाले तं दोघंबी बकऱ्यामांगं धावतीन." तिची शंका साधी नव्हती. बिघडलेल्या कुत्र्याजवळ पिल्लू दिलं तर ते बिघडणंच शिकणार. गायक्याचं सूत्र दोन्हीकडून चालतं. आठ दिवस आमचं यावरच बोलणं चाललं. शेवटी तिनंच तोड काढली. मी रात्री माळ्यावर असतो तेव्हा ती घरात एकटी असते, आणि शेऱ्या गावाकडं गेला की अंगणात पान हललं तरी ती उठून बसते. "आणा," ती म्हणाली, "पण आधी याले पंधरा दिवस दोरीनं संगं फिरवा, बकऱ्या दाखवा, मंग आणा." तसं केलं. रोज संध्याकाळी दोरी धरून शेजाऱ्याच्या बकऱ्यांजवळून नेला. पहिले दिवस खेचायचा, नंतर मान वळवून चालायला लागला.

पिल्लू कुठून आणायचं? उन्हाळ्यात आमच्याकडं काठेवाडी येतात, कच्छकडचे, मेंढ्या आणि उंट घेऊन. वावरात खतासाठी मेंढ्या बसवतो आम्ही. त्यांची कुत्री मेंढ्यांत जन्मलेली असतात, बकरीला पाहून पिसाळत नाहीत. एका तळावर कुत्री व्याली होती, पाच पिल्लं. नर सगळे सांगून झालेले. एक मादी राह्यली होती. मादी पिल्लू खेड्यात कुणी घेत नाही, पोत्यात घालून नाल्याकाठी सोडतात, हेही लिहून ठेवतो. मला मादीच बरी वाटली, कारण दोन नर वर्षभरानं एकमेकांचे कान फाडतात. काठेवाडी बाईनं पैसे घेतले नाहीत, एक पायली तुरीची डाळ घेतली. पिल्लू चार आठवड्यांचं होतं. ती म्हणाली आजच ने. मी म्हटलं, आणखी चार आठवडे आईजवळ राहू दे. चावायचं किती जोरात हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू दात आवरत नाही. त्यांचा तळ दोनदा हलला, मी मोटरसायकलनं मागं मागं गेलो, शेवटी आर्वी रस्त्यावरून आणलं. फार उशीरही करू नये. तीन महिन्यांच्या आत जे पाहते ते त्याला आपलं वाटतं.

आणायच्या आधी वर्ध्याच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारलं. पिल्लांची रक्ताची हगवण म्हणजे पार्वो. माझ्या लहानपणी हा रोग कुणी पाह्यला नव्हता, कारण तो कुत्र्यांत आलाच १९७८ च्या सुमाराला, आणि काही वर्षांत जगभर गेला. लस आठव्या आठवड्याला, मग महिन्याच्या आत परत. पिसाळण्याची तिसऱ्या महिन्यात. शेऱ्यालाही दिली. डॉक्टर म्हणाला, जंगलाकाठी राहता तर डिस्टेंपरची चुकवू नका. २०१८ ला गीरमध्ये वीसच्या वर सिंह मेले त्यात डिस्टेंपर सापडला. म्हणजे ओबरकासेलच्या त्या पिल्लाचा रोग अजून फिरतोच आहे, आणि माझ्या अंगणातल्या लसीचा बोरच्या वाघाशी संबंध आहे.

पिल्लू थेट घरात नेलं नाही. अंगण शेऱ्याचं, तिथं तो उपराच समजला असता. बायको शेऱ्याला दोरीनं धुऱ्यावर घेऊन आली, मी पिल्लू खाली ठेवलं. त्यानं वास घेतला, मागून, पुढून, आणि पाठ फिरवून बसला. पिल्लू त्याच्या शेपटीशी गेलं तर गुरकावला. बायको उचलायला धावली, मी थांबवलं. गुरकावणं म्हणजे मारणं नव्हे, ती त्याची भाषा आहे. पिल्लू उताणं झालं आणि मुतलं. शेऱ्यानं ते हुंगलं, मग चौघं मिळून घरी आलो.

पहिले तीन आठवडे वेगळं जेवण, वेगळ्या कोपऱ्यात, आणि आधी शेऱ्याला. हात आधी त्याच्या डोक्यावर, मग पिल्लाच्या. पिल्लू रात्री घरात, बिबट्यामुळं. बायकोनं नाव ठेवलं मैना. बाविसाव्या दिवशी सकाळी पाह्यलं तर शेऱ्या ओट्यावर आणि मैना त्याच्या पोटाशी, त्याचा कान तोंडात धरून झोपलेली. त्याचा कान ओला झाला होता, तरी तो हलत नव्हता. त्या रात्रीपासून तो गावाकडं गेला नाही.

लोहाराकडून दोन पट्टे करून घेतले, बाहेरून खिळे. हिमालयातले मेंढपाळ असे लोखंडी पट्टे घालतात, ते चित्रात पाह्यलं होतं. लोहार म्हणाला, असं काम त्यानं कधी केलं नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले.

तुरीच्या जागलीला मैना सहा महिन्यांची होती. पहिले काही दिवस ती सशाला भुंके, पाचोळ्याला भुंके, झटका मशीनच्या टिकटिकीला भुंके. शेऱ्या डोळा उघडून पाहायचा आणि परत मिटायचा. डुकरं आली की तो उठायचा, आवाज न करता धुऱ्यापर्यंत जायचा आणि वाऱ्याची बाजू धरून मग भुंकायचा. ती त्याच्या मागून. डिसेंबर लागेपर्यंत तो उठला नाही तर तीही उठेना. एकदा रोह्यांचा कळप आला, तेव्हा दोघं दोन बाजूंनी गेली, एक पुढून, एक मागून, आणि कळप तार न तोडता आला त्याच वाटेनं गेला. हे मी शिकवलं नव्हतं. शेऱ्याला चिमीनं शिकवलं असणार, तिला आणखी कुणीतरी.

आठव्या महिन्यात मैनेचं ऑपरेशन करून आणलं. टाके सुटेपर्यंत ती कोठ्यात होती आणि शेऱ्या दाराशी पडून होता. शेजारी पाहायला आला. "बकऱ्याकडं पायत नाई आता," तो म्हणाला. मग जरा थांबून, "काठेवाडी अवंदा कधी येतीन गा? मले एक सांगून ठेवजो. मादी असली तरी चालन."

शेऱ्या आता अकरा पूर्ण झाला. खालचे दोन दात गेले आहेत, भाकर दुधात भिजवून देतो. बायको परवा म्हणाली, काठेवाड्यांचा तळ यंदा सेलूच्या अलीकडं पडला आहे म्हणतात, एक चक्कर मारून या.